वाचत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही?

आमच्या सोसायटीत तळमजल्याला एक खोली आहे. पूर्वी तिथे पंपाचं सामान पडलेलं असायचं. आता दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी तिथे मुलांचं वाचनालय चालवतो. पत्र्याची दोन कपाटं, एक सतरंजी आणि चारेकशे पुस्तकं, एवढाच पसारा. येणाऱ्या दर दुसऱ्या आईचं म्हणणं एकच असतं: "ताई, ह्याला वाचनाची गोडी लावा हो." जणू गोडी म्हणजे कुंकू, लावलं की लागलं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात अशीच एक आई चौथीतल्या मुलाला हाताला धरून घेऊन आली. "पुस्तक दिसलं की ह्याच्या पोटात दुखतं," म्हणाली. मुलगा दारातल्या चपला मोजत उभा. मी त्याला शेजारी बसवलं आणि एका पुस्तकातली एक ओळ वाचायला सांगितली: 'घट्ट झाकण उघडल्याबरोबर वाफ भसकन बाहेर आली आणि आजीचा चष्मा धूसर झाला.'

त्यानं बोट ठेवलं. "घ... घट... घट्ट. झा, क, ण. झाकण. उ, घ, ड... उघड..." इथे थांबून त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "ल्या... उघडल्या... ब, रो..." वाफेपर्यंत पोचायला मिनीटभर गेलं असेल. ओळ संपल्यावर विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काहीतरी... आजी होती." वाफेपाशी येईतो झाकण त्याच्या डोक्यातून केव्हाच उडालं होतं.

मग मी पुस्तक माझ्याकडे घेतलं आणि तेच पान वाचून दाखवलं. तो मध्येच म्हणाला, "मग तिला दिसलं कसं? भात करपला असेल!"

या मुलाला गोष्ट आवडत नाही असं म्हणता येईल का? गोष्ट त्याला आवडत होती, समजत होती, पुढचं तो स्वतःच रचत होता. त्याला नकोशी होती ती गोष्टीपर्यंत जायची वाट. आपण मात्र त्या वाटेवर खडे आहेत का हे न बघता त्याला चालायचा कंटाळा आहे असं ठरवून मोकळे होतो.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, अक्षरांवरून शब्द उलगडता येणं. दोन, तो शब्द, ते वाक्य कुणी बोलून दाखवलं असतं तर समजलं असतं का, म्हणजे भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार, हा यातला कळीचा मुद्दा आहे. बेरजेत एक बाजू कमी पडली तर दुसरी थोडीफार भरपाई करते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य, दुसरी कितीही मोठी असो.

आमच्या चौथीतल्या पाहुण्याची दुसरी बाजू भक्कम होती आणि पहिली लंगडी. याच्या अगदी उलट मुलंही येतात. एक सहावीतली मुलगी खणखणीत वाचते, एकही अक्षर चुकत नाही, स्पर्धेत बक्षीसही मिळालेलं. 'पाणवठ्यावर गुरं उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं' हे तिनं झरझर वाचलं. पाणवठा म्हणजे काय, विचारलं तर म्हणाली, "पाण्याची टाकी?" आणि ऊन कलतं म्हणजे? "गरम." तिच्या घरी सगळ्यांची समजूत अशी की हिला वाचता उत्तम येतं, पण हिला आवड नाही. आपल्याला कळत नसलेल्या भाषेतली बातमीपत्रं रोज तासभर ऐकायला लावली तर आपल्याला तरी किती आवड राहील?

आणि मग तिसऱ्या प्रकारचीही मुलं असतात. त्यांना उलगडतंही आणि समजतंही, पण ती वाचत नाहीत. 'गोडी नाही' हे लेबल खरं म्हणजे यांच्यापुरतंच आहे. आपण ते सगळ्यांना सरसकट चिकटवतो आणि सगळ्यांना एकच उपाय करतो: छान रंगीत पुस्तक आणून देतो, चार उपदेश करतो, मोबाईल काढून घेतो. पहिल्या दोघांना यातल्या कशाचाच उपयोग नसतो.

आपलं मूल यातलं कुठलं हे घरी पाहणं अवघड नाही. त्यानं आधी न पाहिलेलं, त्याच्या इयत्तेचं एक पान घ्या. अर्धं त्याला मोठ्यानं वाचू द्या, उरलेलं तुम्ही वाचून दाखवा. दोन्हीनंतर गप्पा मारल्यासारखं विचारा, काय काय झालं म्हणून. त्यानं वाचलेल्याचं काही सांगता येत नाही पण तुम्ही वाचलेल्याचं रंगवून सांगतो, तर अडचण अक्षरांपाशी आहे. दोन्हीचं सांगता येत नसेल तर भाषेपाशी. दोन्ही नीट सांगून "आता जाऊ खेळायला?" म्हणाला, तर तिसरा प्रकार. एक पथ्य मात्र पाळा: हे करताना हातात पेन धरू नका. पेन दिसलं की मुलांना परीक्षेचा वास येतो.

अक्षरांपाशी अडलेली मुलं

बोलायला आपण मुलाला शिकवत नाही, ते घरातल्या माणसांत वाढता वाढता बोलू लागतं. वाचनाचं तसं नाही. माणूस बोलायला कधी लागला याचा थांग लागत नाही, पण लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी खोली बांधून होत नाही. स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की वाचायला शिकताना मेंदू जुनीच खोली नव्या कामाला लावतो. डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला, वस्तू आणि चेहरे ओळखणारा जो भाग आहे त्यातलाच एक तुकडा अक्षरं ओळखायला तयार होतो. या जुन्या खोलीच्या जुन्या सवयी असतात. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, ही त्यातली एक. म्हणून लहान मुलं ३ आणि ६ ची अदलाबदल करतात, अक्षरं उलटी काढतात. सुरुवातीच्या वर्षात त्यावरून घाबरून जाण्यासारखं काही नसतं.

देवनागरी सोपी, जसं लिहायचं तसं वाचायचं, असं आपण अभिमानानं सांगतो. ते बरंचसं खरंही आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. 'किल्ला' या शब्दात डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि तोंडाला ती क नंतर म्हणायची असते. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर बसलेला, पण उच्चारायचा य च्या आधी. र तर बहुरूपीच आहे: चक्रात पोटात तिरपी रेघ, ट्रकमध्ये खाली टोपी, आणि 'आचार्यांना' बोलवायचं की 'आचाऱ्यांना' हे एका रफारावर ठरतं. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी एक ज घेतो आणि जगणे या अर्थी दुसरा. 'चार' आंबे आणि गुरांना 'चार' यांतला च वेगळा, लिहायला मात्र एकच. 'कमळ' लिहिताना ळ पूर्ण, म्हणताना त्याचं शेपूट कापायचं. भ-म, घ-ध, ब-व ही जुळी भावंडं त्यात आणखी. मोठ्यांना हे काहीच दिसत नाही, कारण आपण अक्षरं बघायचं केव्हाच सोडून दिलंय. आपण थेट शब्द बघतो.

इंग्रजीत सव्वीस अक्षरं; आपल्याकडे व्यंजन, त्यावरच्या काना-मात्रा-वेलांट्या-उकार आणि जोडाक्षरं धरली तर ओळखायच्या आकृत्या काही शेकड्यांत जातात. कन्नड लिपीचीही घडण अशीच आहे. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात हा सगळा संच हाताखाली यायला चौथीपर्यंतचा काळ जातो असं दिसलं. म्हणजे 'दुसरीत गेला तरी जोडाक्षरं अडतात' ही तक्रार नव्हे, ती त्या वयाची साधी अवस्था आहे. आपली घाई मात्र पहिलीच्या दिवाळीपर्यंत सगळं उरकायची असते.

यात बाराखडी आपल्याला फसवते. मुलं 'क का कि की' गाण्यासारखी म्हणतात. चाल पाठ असते, अक्षराकडे लक्ष असेलच असं नाही. एकदा पाटीवर मधलंच 'मौ' किंवा 'धै' काढून विचारा. तीच बाराखडी खडखड म्हणणारं मूल मनातल्या मनात म पासून सुरू करून 'मौ'पर्यंत चालत येतं. तोवर वाक्याचा जीव गेलेला असतो.

कारण आपल्या डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. फोन नंबर कुणी सांगत असताना शेजारचा बोलला की आकडे सांडतात, तसं. ज्या मुलाची सगळी ताकद 'उघडल्याबरोबर' उलगडण्यात जाते, त्याच्याकडे अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. त्याला आपण आळशी म्हणतो तेव्हा तो खरं तर दमलेला असतो.

अशी मुलं एखाददुसरी नसतात. 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना तो वाचता आला, आणि पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना. २०२२ पेक्षा हे आकडे वर आलेत, ही चांगली बातमी. तरी पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांसमोर जे पाठ्यपुस्तक रोज उघडलं जातं, ते त्यांच्यासाठी घट्ट झाकणाचंच असतं.

या मुलांना गोडी लावायच्या आधी वाट सपाट करून द्यावी लागते. आम्ही जे करतो त्यात काही चमत्कार नाही. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून. अकरावं मिनीट नाही. मजकूर त्याच्या इयत्तेचा नव्हे, त्याच्या हाताखालचा, म्हणजे एका पानात दोन-तीनच शब्द अडतील असा. आधी मी ओळ वाचते, मग तीच ओळ तो वाचतो. चाल कानात असली की डोळ्यांना आधार मिळतो. तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मोठ्यांना याचा वैताग येतो, मुलांना येत नाही. तिसऱ्यांदा वाचताना आवाजात एकदम मोकळेपणा येतो तो त्यांना स्वतःलाच ऐकू येतो. शब्द अडला की चटकन तोंडात घालायचा नाही, मनात तीन-चार आकडे मोजायचे. सुटला तर उत्तम, नाही तर शब्द सांगायचा आणि पुढे जायचं. त्या शब्दावर व्याख्यान द्यायचं नाही. आणि 'अरे, कालच सांगितलं होतं ना' हे वाक्य तर घरातून हद्दपारच करायचं.

गाण्यांचाही चांगला उपयोग होतो. गाणं पाठ असतं, त्याचे शब्द समोर लिहिलेले असले की डोळा आपोआप कानामागे धावतो. ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास नेमकी हीच कल्पना काढली: टीव्हीवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत शब्द द्यायचे, गाण्याबरोबर रंग बदलणारे. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार' आणि 'रंगोली'त तसं झालंही. घरी एवढं जमवायची गरज नाही. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत आरत्यांचे मोठ्या टायपातले कागद काढले, तर ज्याला पुस्तक नको होतं तो पोरगा शेवटच्या कडव्यापर्यंत बोट फिरवत होता. 'कडाडिले', 'ब्रह्मांड', सगळं.

हे सगळं लवकर करावं लागतं, कारण वाचनातही पैशाकडे पैसा जातो. ज्याला सोपं जातं तो जास्त वाचतो, जास्त वाचतो म्हणून शब्द वाढतात, शब्द वाढले म्हणून आणखी सोपं जातं. ज्याला जड जातं तो टाळतो, आणि दरवर्षी मागे पडत जातो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच हे दुष्टचक्र दाखवून दिलं होतं.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी करायची: डोळे तपासून घ्या. आमच्याकडच्या एका मुलीला फळ्यावरचं दिसतच नव्हतं, आणि सगळे तिला मठ्ठ समजत होते. चष्मा लागला आणि महिन्याभरात तिचा नूर पालटला. डोळे, कान ठीक असून, महिनोन्महिने रोज सराव करूनही अक्षरं निसटत असतील, तर विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी) असू शकते. तिचा बुद्धीशी संबंध नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. 'मोठा झाला की येईल' म्हणत बसण्यापेक्षा शिक्षकांशी बोलून तपासणीला जाणं बरं. यात लाजण्यासारखं काय आहे हे मला कधीच कळलेलं नाही.

भाषेपाशी अडलेली मुलं

अमेरिकेत १९८८ मध्ये रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी एक मजेदार प्रयोग केला. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉल माहीत, काहींना नाही. सामन्यात काय झालं हे कुणी नीट सांगितलं? बेसबॉल जाणणाऱ्या 'कच्च्या' वाचकांनी बेसबॉल न जाणणाऱ्या 'हुशार' वाचकांना मागे टाकलं.

आपल्याकडे बेसबॉलच्या जागी कबड्डी घाला. 'बोनस घेऊन परतताना त्याची पकड झाली' हे वाक्य मैदानावर वाढलेल्या पोराला चित्रासारखं दिसतं. आपल्याला, म्हणजे त्याला 'वाचत नाही' म्हणून रागावणाऱ्यांना, ते दोनदा वाचावं लागतं. तेव्हा मुलाला ज्यातलं कळतं तिथून सुरुवात करा. आमच्याकडे एकाला जेसीबी आणि ट्रॅक्टरचं वेड आहे. त्याच्यासाठी आम्ही ट्रॅक्टर कंपनीचं माहितीपत्रक आणून ठेवलं, आणि 'अश्वशक्ती', 'इंधन कार्यक्षमता' हे शब्द त्यानं स्वतःहून सोडवले. एक मुलगी फक्त पाककृती वाचते. मग वाचू दे की. 'चांगलं पुस्तक' ही फूटपट्टी आपली आहे, मुलांची नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले, त्यातले दोन असे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. 'त्याचं' या शब्दावर जोर आहे. आईबाबांच्या पसंतीचं नव्हे.

भाषा वाढते ती मुख्यतः कानानं. मूल स्वतः वाचू शकतं त्याच्या कितीतरी पुढचं त्याला ऐकून समजत असतं, आणि हे अंतर बरीच वर्षं राहतं. पण घरोघरी काय होतं? मुलाला वाचता यायला लागलं की गोष्ट सांगणं बंद. "आता येतंय ना तुला, वाच तू." म्हणजे वाचायला शिकल्याची शिक्षा काय, तर आईजवळ लोळत ऐकायची गोष्ट गेली. दहा वर्षांच्या मुलालाही वाचून दाखवा. तो लाजेल, पण ऐकेल. आजोबा-आजी जवळ असतील तर मग सोन्याहून पिवळं. पाणवठा, कलतं ऊन, खळं, मोट हे शब्द शब्दकोशातून शिकण्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकणं फार सोपं.

इथे घरच्या बोलीबद्दल एक सांगितलंच पाहिजे. वऱ्हाडातून आलेला एक मुलगा 'मी अभ्यास करायला बसलो' हे 'मी अभ्यास कराले बसलो' असं वाचायचा. वर्गात प्रत्येक वेळी त्याला थांबवून दुरुस्त करायचे, आणि तो हळूहळू गप्प झाला होता. खरं तर ही चूक त्याला समजतंय याचा पुरावा आहे. कागदावरच्या खुणा त्यानं अर्थात बदलल्या आणि तो अर्थ आपल्या भाषेत बोलून दाखवला. नुसती अक्षरं वाचणारं मूल 'करायला'चं 'कराले' कधीच करणार नाही. मालवणी, अहिराणी, वारली, गोंडी, घरात जे बोलत असतील ते, त्यातच आधी गोष्टी होऊ द्या. प्रमाण मराठी मागाहून येते. तिला कुठे जायची घाई आहे?

इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांचं दुखणं आणखी निराळं. ही मुलं मराठी बोलतात झकास, पण देवनागरी पान समोर आलं की अंग चोरतात. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तरी आठवड्याच्या मोजक्या तासांत अक्षरांवर हात बसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांमधल्या मुलांचीही हीच कथा. अडचण अशी की दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वाचनाच्या पातळीचं द्यायचं तर ते 'बदक पाण्यात पोहते' या धर्तीचं निघतं, आणि त्याला ते अपमानास्पद वाटतं. तो इंग्रजीत जाडजूड साहसकथा वाचत असतो! मग इथे विनोद, कोडी, चित्रकथेतले फुगे, क्रिकेटच्या बातमीचा मथळा असलं लहान पण त्याच्या वयाला शोभणारं काही द्यावं. एका घरात आजीनं नातवाला व्हॉट्सअॅपवर फक्त देवनागरीत लिहायचा पण केला. तिच्या निरोपात रोज एक गुपित असायचं, लाडू कुठल्या डब्यात ठेवलेत ते. नातू वाचायला शिकला, लाडू मात्र वेळेआधी संपू लागले.

ज्यांना येतं पण नको असतं

आता माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट. वाचनालय सुरू केलं त्या वर्षी मी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. पुस्तक वाचलं की नावापुढे चांदणी, दहा चांदण्यांना बक्षीस. पहिले दोन आठवडे नुसती झुंबड. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सगळ्यांत बारीक पुस्तकं गायब आहेत आणि जाडी पुस्तकं जागची हललेली नाहीत. एक मुलगी दारात उभी राहून तीन पुस्तकं चाळून परत करत होती. "वाचलीस?" "हो, चांदण्या द्या." महिन्याअखेर बक्षिसं वाटली आणि तक्ता काढला. पुढच्या शनिवारी निम्मी मुलं आलीच नाहीत.

असंच होतं, हे लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं, मला माहीत नव्हतं एवढंच. बालवाडीतल्या, चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांपैकी काहींना त्यांनी आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता मागाहून अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत कोण किती रंगवतं हे पाहिलं, तर बक्षिसाचा करार करून रंगवलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र शाबूत होती.

'दहा पानं वाचलीस तर अर्धा तास मोबाईल' या करारात मूल काय शिकतं ते उघड आहे: मोबाईल म्हणजे पेढा आणि पुस्तक म्हणजे काढा. काढा पिऊन झाला की कुणी वाटीभर आणखी मागत नाही.

तितकाच घातक आपला 'तात्पर्य काय?' हा प्रश्न. सिनेमा बघून आल्यावर आपल्याला कुणी पाच प्रश्न घातले तर पुढच्या वेळी आपण घरीच बसू. मुलानं पुस्तक मिटल्यावर गप्प बसता येणं ही पालकांची खरी परीक्षा. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेलच, बहुधा तुम्ही पोळ्या करत असताना. आणि पुस्तक अर्धवट टाकलं तर टाकू द्या. आपण किती दिवाळी अंक पहिली दोन पानं चाळून ठेवून देतो, आठवून पाहा.

निवड त्याची हवी, आणि पुस्तक हाताशी हवं. खूप घरांत पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून काचेच्या कपाटात, किल्ली वर फ्रीजवर. पुस्तकाचे कोपरे दुमडलेले, एका पानावर आमटीचा डाग, हेच त्याचं चांगलं आयुष्य. वडील संध्याकाळी मोबाईल चाळत 'वाच जरा' म्हणतात, तेव्हा मूल वडील काय म्हणतात ते ऐकत नाही, ते काय करतात ते बघतं. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी वाचनाचं महत्त्व सांगणारी भाषणं पुष्कळ होतात; तेवढ्या वेळात एक गोष्ट वाचून झाली असती, असं मला दरवेळी वाटतं.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह कितीतरी भाषांतली सचित्र पुस्तकं पातळीप्रमाणे लावलेली आहेत, फुकट, छापून घ्यायचीही परवानगी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत चाळता येतात. तुमच्या लहानपणचा अंक काढून दाखवा, त्यातल्या जाहिरातींवरच अर्धा तास गप्पा होतील. १९६७ च्या कायद्याखालची दहा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात आहेत, त्यातलं एखादं तुमच्या चालत्या अंतरावर असेल. महाबळेश्वरला गेलात तर वाटेतलं भिलार चुकवू नका. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, स्ट्रॉबेरीच्या गावातल्या घराघरांत, ओट्यांवर पुस्तकं मांडलेली. मुलांना तिथे 'वाच' म्हणून सांगावं लागत नाही, कारण दुसऱ्याच्या घरात जाऊन पुस्तक उघडायची त्यांना भारी गंमत वाटते.

चौथीतला तो मुलगा आता पाचवीत आहे. आठ-नऊ महिने त्याची आई रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसली. तिचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण आळीपाळीनं वाचायला तेवढं पुरलं. दोन शनिवारांपूर्वी तो विनोदांचं एक फाटकं पुस्तक घेऊन धाकट्या पोरांना वाचून दाखवत होता. प्रत्येक विनोदाला तो शेवट वाचायच्या आधीच फिदीफिदी हसायला लागायचा आणि बाकीची पोरं "अरे, सांग ना पुढे!" म्हणून त्याला मारत सुटायची. त्याचे डोळे त्याच्या आवाजाच्या पुढे पळत होते. मी खुणेनंच त्याच्या आईला तिकडे बघायला सांगितलं.

तिनं पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, वाचतो हो आता. पण नुसते विनोद. ह्याला चांगल्या पुस्तकांची गोडी कशी लावायची?"